विश्लेषण : गोल अडवणारे भारतीय, मग गोल करणारे आणि प्रशिक्षक परदेशीच का?

मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७च्या आशिया चषक फुटबॉल स्पर्धेचे दार भारतासाठी बंद झाले. २०१९ आणि २०२३ अशा सलग दोन आशिया चषक स्पर्धांत खेळलेला संघ या वेळी पात्रता फेरीतच अडकला. या फेरीतील पहिल्या पाच सामन्यांत भारताला अवघे दोन गोल करता आले. एक गोल लालियानझुआला छांगते या विंगरचा, तर दुसरा बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या रहीम अलीचा, तोही ९०व्या मिनिटाला. मैदानात पहिल्या मिनिटापासून उतरणारा आणि हमखास गोल करणारा स्ट्रायकर भारताकडे नाही, हे या दोन गोलांतून पुन्हा दिसले. देशात गेली दहाहून अधिक वर्षे इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल सुरू असताना असे का झाले? या लीगमधून भारताला चांगले गोलरक्षक मिळाले, मग स्ट्रायकर आणि प्रशिक्षक का मिळाले नाहीत?

आकडे काय सांगतात?

आयएसएलची सुरुवात ऑक्टोबर २०१४ मध्ये आठ संघांनी झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत ११ हंगाम पूर्ण झाले. प्रत्येक हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला ‘गोल्डन बूट’ आणि सर्वोत्तम गोलरक्षकाला ‘गोल्डन ग्लोव्ह’ दिला जातो. या दोन पुरस्कारांच्या याद्या शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते.

‘गोल्डन बूट’ ११ पैकी ११ वेळा परदेशी खेळाडूला मिळाला. पहिल्या हंगामात ब्राझीलच्या इलानोने आठ गोल करून तो पटकावला. त्यानंतर स्पेनचा कोरो, नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे अशी नावे येत गेली. २०२४-२५ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचा मोरोक्कन आघाडीपटू अलाएद्दीन अजाराई याने तब्बल २३ गोल केले.

‘गोल्डन ग्लोव्ह’ची यादी मात्र नेमकी उलटी आहे. पहिले दोन हंगाम तो परदेशी गोलरक्षकांकडे गेला. २०१६ मध्ये मुंबई सिटीच्या अमरिंदर सिंगने तो जिंकला आणि तेव्हापासून सलग नऊ हंगाम हा पुरस्कार भारतीयांकडेच राहिला. सुब्रत पाल, गुरप्रीत सिंग संधू, विशाल कैथ, फुरबा लाचेनपा ही त्यातील काही नावे.

तिसरी यादी प्रशिक्षकांची. ११ हंगामांत अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक प्रत्येक वेळी परदेशी होता. अँटोनियो हबास आणि होजे मोलिना यांनी प्रत्येकी दोनदा जेतेपद मिळवले. मार्को मातेराझी, जॉन ग्रेगरी, कार्लेस क्वाद्रात, सर्जिओ लोबेरा, मानोलो मार्केझ, हुआन फेरांडो आणि पेत्र क्रात्की यांनी एकेकदा. मुंबई सिटीचेच उदाहरण घेतले, तर २०२४-२५ पर्यंत या क्लबने पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक म्हणून एकदाही भारतीयाला नेमले नव्हते.

गोलरक्षकांच्या बाबतीत वेगळे काय घडले?

लीग तीच, क्लब तेच आणि खेळाडूंना मिळणाऱ्या सुविधाही त्याच. तरीही एका जागेवर भारतीय पुढे आले आणि दुसऱ्या जागेवर मागे राहिले. याचे उत्तर परदेशी खेळाडूंच्या नियमात सापडते.

सुरुवातीच्या हंगामांत मैदानावरील ११ खेळाडूंपैकी सहा परदेशी चालत. २०१७-१८ मध्ये ही मर्यादा पाचवर आणि २०२१-२२ मध्ये चारवर आली. म्हणजे आता किमान सात भारतीय खेळाडू मैदानावर असावेच लागतात. कागदावर ही भारतीयांसाठी मोठी सुधारणा आहे. पण नियम फक्त संख्या सांगतो, जागा सांगत नाही. चार परदेशी कुठे खेळवायचे, हे क्लब ठरवतो.

परदेशी खेळाडूंच्या जागा कमी झाल्या, तशी प्रत्येक जागेची किंमत वाढली. मग क्लबांनी साधा हिशेब केला. सामना फिरवणाऱ्या जागांवर परदेशी आणि उरलेल्या ठिकाणी भारतीय. बहुतेक संघांत हे परदेशी खेळाडू मुख्य स्ट्रायकर, त्याच्या मागे खेळणारा आक्रमक मध्यरक्षक आणि मधला बचावपटू अशा जागांवर दिसतात. गोलरक्षकावर परदेशी जागा खर्च करणे परवडेनासे झाले. पहिल्या हंगामात केरळ ब्लास्टर्सकडे इंग्लंडचा डेव्हिड जेम्स, तर एफसी गोवाकडे चेक प्रजासत्ताकाचा यान शेडा होता. ती पद्धत हळूहळू बंद पडली आणि भारतीय गोलरक्षकांना हंगामभर सामने मिळू लागले. चुका करण्याची, त्यातून शिकण्याची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरण्याची संधी मिळाली.

स्ट्रायकरच्या बाबतीत उलटे झाले. आघाडीची मधली जागा परदेशी खेळाडूने व्यापल्याने गुणवान भारतीय आघाडीपटूंना बाजूला सरकावे लागले. छांगते, मनवीर सिंग, गोव्याचा लिस्टन कुलासो हे देशातील आघाडीचे आक्रमक खेळाडू क्लबसाठी प्रामुख्याने बगलेवरून खेळत आले आहेत. ईशान पंडिता, रहीम अली यांच्यासारख्या खऱ्या स्ट्रायकरच्या वाट्याला बहुतेकदा बदली खेळाडूची भूमिका आली. खुद्द सुनील छेत्रीही यातून सुटला नाही. २०१७-१८ मध्ये बेंगळुरू एफसीत व्हेनेझुएलाचा मिकू मध्यभागी खेळायचा आणि छेत्री डावीकडून. मिकूने त्या हंगामात १५, तर छेत्रीने १४ गोल केले. छेत्रीची गुणवत्ता अशी, की बगलेवरूनही तो गोल करत राहिला. ते सगळ्यांना जमण्यासारखे नाही.

हा प्रश्न आयएसएलमुळेच निर्माण झाला का?

पूर्णपणे नाही. १९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग झाली, तेव्हा सर्वाधिक १४ गोल जेसीटीच्या बायचुंग भुतियाचे होते. नंतरच्या काळात मात्र क्लबांचा कल आफ्रिकी आणि ब्राझिलियन आघाडीपटूंकडे वाढला. २००७ मध्ये आय-लीग सुरू झाल्यावर पहिले तीन हंगाम ओडाफा ओकोलीने आणि पुढचे तीन हंगाम रँटी मार्टिन्सने सर्वाधिक गोल केले. गोव्याच्या डेम्पोने २०११-१२ मध्ये आय-लीग जिंकली, त्यात एकट्या मार्टिन्सचे ३२ गोल होते. म्हणजे स्ट्रायकरची जागा आयएसएलच्या आधीच परदेशी खेळाडूंकडे गेली होती.

प्रशिक्षकांच्या बाबतीत मात्र तसे नव्हते. डेम्पोला पाच राष्ट्रीय जेतेपदे मिळवून देणारे आर्मांडो कुलासो गोव्याचेच. २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा डेरिक परेरा प्रशिक्षक होते. ईस्ट बंगालला सुभाष भौमिक यांनी, मोहन बागानला सुब्रत भट्टाचार्य आणि पुढे २०१४-१५ मध्ये संजय सेन यांनी जेतेपद मिळवून दिले. भारतीय प्रशिक्षक देशातील सर्वोच्च लीग जिंकू शकतो, यात तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हते. आयएसएलने गोलरक्षक घडवले, स्ट्रायकरचा जुना प्रश्न तसाच ठेवला आणि मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मात्र भारतीयांपासून दूर नेली.

भारतीय प्रशिक्षक ‘हंगामी’च का राहतात?

मराठीत ‘हंगामी’ म्हणजे तात्पुरता. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकांची ओळख बराच काळ हीच राहिली. परदेशी प्रशिक्षकाला मध्येच काढले किंवा तो सोडून गेला, की भारतीय साहाय्यकाकडे उरलेले सामने सोपवायचे आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा परदेशी माणूस शोधायचा, असा हा प्रघात.

विशेष म्हणजे या तात्पुरत्या काळातही भारतीयांनी निकाल दिले आहेत. जानेवारी २०२० अखेर एफसी गोवाने लोबेरा यांना दूर केले, तेव्हा क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रे घेतली. गोव्याने उरलेले तिन्ही साखळी सामने मोठ्या फरकाने जिंकले, गुणतक्त्यात पहिले स्थान राखले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. अर्थात त्या संघाची बांधणी लोबेरा यांची होती, हेही खरे. पण याच मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशा एफसीचे हंगामी प्रशिक्षक म्हणून सुपर कप जिंकून दाखवला.

मग क्लब भारतीयाला पूर्ण हंगाम का देत नाहीत? त्यामागे तीन व्यावहारिक कारणे दिसतात. पहिले म्हणजे हंगाम छोटा आहे. २०२४-२५ मध्ये १३ संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाला २४ साखळी सामने मिळाले. पाच-सहा सामने हातचे गेले की बाद फेरी अवघड होते. अशा वेळी मालकांना नाव आणि युरोपचा अनुभव असलेला प्रशिक्षक सुरक्षित वाटतो. तो अपयशी ठरला तरी निवड चुकली असे कुणी म्हणत नाही. दुसरे, खेळाडू निवडताना परदेशी प्रशिक्षक आपल्या ओळखीचे परदेशी खेळाडू आणतो. त्यामुळे प्रशिक्षक आणि स्ट्रायकर या दोन्ही जागा एकमेकांना धरून राहतात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. आयएसएलच्या मुख्य प्रशिक्षकाला आशियाई महासंघाचा सर्वोच्च ‘प्रो’ परवाना लागतो. डी, सी, बी, ए अशा पायऱ्या चढत तिथपर्यंत पोहोचावे लागते. परवाना मिळाला तरी पूर्णवेळ काम शिकण्याच्या जागा देशात मोजक्याच आहेत. २०२४-२५ मध्ये आयएसएलचे १३ आणि आय-लीगचे १२, असे मिळून २५ क्लब होते. त्यातही अनेक खुर्च्या परदेशी प्रशिक्षकांकडे.

खालिद जमील यांची वाट वेगळी का?

या २५ खुर्च्यांच्या गर्दीतून वर आलेले ठळक नाव म्हणजे खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईतील क्लबांकडून ते खेळले आणि मुंबई एफसीचे अनेक वर्षे प्रशिक्षक राहिले. ते क्लबने त्यांना सोडल्यावर मिझोरमच्या ऐजॉल एफसीत गेले. ऐजॉल त्याआधीच्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. पण लीगच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ गोव्याचे क्लब बाहेर पडले आणि ऐजॉलला पुन्हा प्रवेश मिळाला. त्याच संघाने २०१६-१७ मध्ये मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि बेंगळुरूला मागे टाकून आय-लीग जिंकली.

देशाची सर्वोच्च लीग जिंकल्यानंतरही आयएसएलमधील मुख्य प्रशिक्षकपदासाठी जमील यांना थांबावे लागले. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना आधी हंगामी म्हणून नेमले. त्यांनी संघाला बाद फेरीत नेले आणि मग ते आयएसएल क्लबचे पहिले भारतीय पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झाले. पुढचा हंगाम फसला. मात्र जमशेदपूरमध्ये त्यांना पुन्हा संधी मिळाली आणि २०२४-२५ मध्ये त्यांनी संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्याआधी हे पद पूर्णवेळ सांभाळणारे शेवटचे भारतीय होते गोव्याचे साव्हियो मेदेरा, तेही २०११-१२ मध्ये.

जमील यांची सुरुवात चांगली झाली. मध्य आशियातील काफा नेशन्स चषकात भारताने यजमान ताजिकिस्तानला हरवले आणि ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरे स्थान मिळवले. पण त्यानंतर सिंगापूर आणि बांगलादेशविरुद्धच्या सामन्यांत गोलांचा दुष्काळ पुन्हा समोर आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हार झाली. २०२३ मध्ये ९९व्या क्रमांकावर पोहोचलेला भारत त्यानंतर जागतिक क्रमवारीत १४२व्या स्थानी घसरला. प्रशिक्षक भारतीय मिळाला, तरी त्याने निवडायचा स्ट्रायकर क्लबमध्ये खेळतच नसेल, तर राष्ट्रीय शिबिराच्या दहा दिवसांत तो घडवता येत नाही.

म्हणूनच जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४०व्या वर्षी परत यावे लागले. तो परतला आणि मालदीवविरुद्ध त्याने आपला ९५वा आंतरराष्ट्रीय गोल केला. २०२४-२५च्या आयएसएलमध्येही भारतीयांत सर्वाधिक, १४ गोल त्याचेच होते. छेत्रीसाठी हे अभिमानाचे, तर भारतीय फुटबॉलसाठी चिंतेचे. २०२५ मध्ये बेंगळुरूचा आघाडीपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारतीय पारपत्र घेतले. त्याची आई मुळात मुंबईची. त्याच्या येण्याचे झालेले स्वागतही हीच उणीव अधोरेखित करते.

इतर देशांनी काय केले?

जागेनुसार बंदी हा एक मार्ग आहे. दक्षिण कोरियात १९९०च्या दशकात क्लब परदेशी गोलरक्षक आणू लागले. स्थानिक गोलरक्षक बाकावर बसू लागल्यावर के-लीगने १९९९ पासून परदेशी गोलरक्षकांवर पूर्ण बंदी घातली. २०२६च्या हंगामापासून ती उठवण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. अशी बंदी काम करते, पण तिची किंमतही असते. स्पर्धा कमी झाली की त्या जागेवरील स्थानिक खेळाडूंचे मानधन गुणवत्तेपेक्षा वेगाने वाढू शकते.

सक्तीच्या नियमातून पळवाट कशी निघते, हे चीनने दाखवले. २०१७ मध्ये तेथील सुपर लीगने प्रत्येक संघाला २३ वर्षांखालील खेळाडू सुरुवातीच्या ११ जणांत घेणे बंधनकारक केले. काही प्रशिक्षकांनी नियमापुरता तो खेळाडू उतरवला आणि काही मिनिटांतच बाहेर बोलावला.

जपानचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९३ मध्ये दहा क्लबांनी जे-लीग सुरू झाली, तेव्हा झिको, गॅरी लिनेकर असे तारे तिथेही आले. पण पहिली दोन जेतेपदे मिळवणाऱ्या वर्दी कावासाकीचे प्रशिक्षक यासुतारो मात्सुकी जपानी होते. १९९८ मध्ये जपान पहिल्यांदा विश्वचषक खेळला, तोही ताकेशी ओकादा या जपानी प्रशिक्षकाच्या हाताखाली. २०२२च्या विश्वचषकात जर्मनी आणि स्पेनला हरवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी त्याआधी हिरोशिमाच्या क्लबला तीनदा जे-लीग जिंकून दिली होती. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे २०१९ मध्ये जे-लीगने सामन्यासाठी पाच परदेशी खेळाडूंची मुभा दिली. म्हणजे भारतापेक्षा एक जास्त. फरक आहे तो खालच्या पायऱ्यांचा. २०२४ पासून तिथे तीन स्तरांवर प्रत्येकी २०, असे ६० व्यावसायिक क्लब आहेत आणि प्रत्येकाला ३८ साखळी सामने मिळतात. अव्वल स्तरावर संधी न मिळालेला स्ट्रायकर आणि प्रशिक्षक खालच्या स्तरावर वर्षभर काम करत राहतो.

मग परदेशी नकोतच का?

असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परदेशी प्रशिक्षकांनी भारतीय क्लबांत तंदुरुस्ती, आहार आणि सामन्याच्या विश्लेषणाची शिस्त आणली. लोबेरा यांच्या काळात एफसी गोवाने छोट्या पासचा जो खेळ केला, त्याने भारतीय मध्यरक्षकांना बरेच शिकवले. रोज सरावात चांगल्या परदेशी स्ट्रायकरला तोंड दिल्यामुळेच भारतीय गोलरक्षक सुधारले, असेही म्हणता येईल. प्रश्न परदेशी माणसाचा नसून एकाच जागेवर कायमचे परदेशी माणूस बसवण्याच्या सवयीचा आहे.

पुढे काय?

सध्या लीगचीच घडी विस्कटलेली आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यात २०१० मध्ये झालेला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधीच जुलैमध्ये लीग लांबणीवर पडली होती. अखेर २०२५-२६चा हंगाम फेब्रुवारी २०२६ पासून छोट्या स्वरूपात खेळवण्याचे ठरले. १४ संघ आणि प्रत्येकाचे फक्त १३ साखळी सामने. जिथे २४ सामन्यांत भारतीय स्ट्रायकरला जागा मिळत नव्हती, तिथे १३ सामन्यांत कोणता प्रशिक्षक धोका पत्करेल, हा रास्त प्रश्न आहे. दुसरीकडे, पैशांची ओढाताण असलेले क्लब परदेशी खेळाडू आणि प्रशिक्षकांवरील खर्च कमी करतील आणि त्यातून भारतीयांसाठी काही जागा मोकळ्या होतील, हीदेखील शक्यता आहे. पण नाइलाजाने मिळालेली जागा घडी बसताच पुन्हा हातची जाऊ शकते.

टिकाऊ उपाय कंटाळवाणे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरावर अधिक क्लब, राज्य लीगमध्ये वर्षभर सामने, युवा स्पर्धांत मधल्या जागेवर खेळणारे स्ट्रायकर आणि भारतीय प्रशिक्षकाला किमान एक पूर्ण हंगाम. मुंबई आणि गोव्याकडे यासाठी परंपरा आहे. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तर आय-लीगमधून बाहेर पडलेला डेम्पो २०२४-२५ मध्ये परतला. कुलासो, परेरा, मेदेरा, मिरांडा आणि जमील हे सगळे याच पट्ट्यातील क्लबांत घडले. क्लब टिकले तर प्रशिक्षक मिळतात, हे त्यांच्या नावांवरून दिसते. आणि जागा मिळाली तर खेळाडू तयार होतो, हे गोलपोस्टसमोर उभ्या राहिलेल्या भारतीय गोलरक्षकांनी सलग नऊ हंगाम दाखवून दिले आहे.